पाणबुड्याची प्रतवारी

पुस्तक हातात आलं की मी आधी त्याचा वास घेतो. मग ते आडवं धरून पाठीकडून बघतो, पिना बघतो, मधला ताव जागेवर आहे का ते चाचपतो, आणि एवढं सगळं झालं की मिटून ठेवतो. वाचत नाही. धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना होणाऱ्या व्याह्यांनी स्वतः लिहिलेलं छोटंसं पुस्तक प्रेमाने माझ्या हातात दिलं. मी भर बैठकीत ते नाकाला लावलं आणि विचारलं, "पावसाळ्यात जमिनीवर ठेवलं होतं का हो?" तरीही लग्न झालं, हा त्या मंडळींचा मोठेपणा. आमची कुसुम ही हकिकत अजून प्रत्येक कार्यात सांगते आणि शेवटी माझ्याकडे हात करून म्हणते, "उभा जन्म पुस्तकांत बसले, पण एक वाचलं असेल तर शपथ."

ती म्हणते ते खरं आहे. आणि या न वाचण्याने माझी कशी फजिती केली, तेच आज सांगणार आहे.

श्रीरामपुरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. पुढे वाचनालय, मागे रद्दी, आणि मधल्या खोलीत पडद्याआड माझा आवडता धंदा, जुनी इंग्रजी कॉमिकं. चित्रांची पुस्तकं, तीस-बत्तीस पानांची, हलक्या कागदावर रंगीत छापलेली. आसपासच्या साखर कारखान्यांवर पूर्वी गोरे इंजिनियर असत, मिशनच्या बंगल्यांतून परदेशी कुटुंबं असत. त्यांच्या मुलांसाठी ही पुस्तकं बोटीने यायची. स्वातंत्र्यानंतर माणसं गेली आणि पुस्तकं मागे राहिली. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कणगीमागे. मी सायकलवर गावोगाव फिरून ती उचलायचो. लोकांना वाटायचं, याला रद्दीचा नाद आहे. मीही तसंच वाटू द्यायचो.

या रद्दीला जाणकार गिऱ्हाईक असतं हे मला नगरजवळच्या भिंगारच्या मेजरसाहेबांनी शिकवलं. लष्करातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. घरात सात लोखंडी ट्रंका, त्यांत डांबराच्या गोळ्या आणि प्रत्येक अंक वेगळ्या पाकिटात. हातात पांढरे सुती मोजे घातल्याशिवाय ते अंकाला शिवत नसत. पहिल्या भेटीत मी एक अंक बोटाला थुंकी लावून उलटला, तर त्यांनी मला न्हाणीघरात पाठवून साबणाने हात धुवायला लावले होते.

त्यांच्या प्रती, म्हणजे मालाचे दर्जे, इंग्रजीत सहा होत्या. त्या माझ्या डोक्यात बसेनात, म्हणून मी मोसंबीच्या बाजारातले शब्द उचलले. अव्वल, चालू आणि डागी. कव्हर चकचकीत, कोपरे शाबूत, मधला ताव हजर, मागच्या जाहिरातीचं कुपन न कापलेलं, कुणी नावगाव लिहिलेलं नाही, तो अव्वल. थोडा वापरलेला पण सगळी पानं असलेला, तो चालू. कव्हर सुटलं, पान फाटलं, वाळवीने चाखलं, तो डागी. अव्वल माल मेजरसाहेबांकडे जायचा. चालू मालाला खाकी कागदाचं कव्हर घालून, पहिल्या पानावर शिक्का मारून मी वाचनालयात लावायचो. डागी माल पाच-सहा अंक एकत्र करून, दाभणाने शिवून, जाड पुठ्ठ्यात बांधून स्वस्तात विकायला ठेवायचो. मेजरसाहेबांशी करार तोंडी होता आणि एका वाक्याचा होता: प्रत चुकली तर माल परत.

प्रत चुकत नसे, कारण मी ती चुकू देत नसे. आता बोलायला हरकत नाही. चालू मालातला एखादा चांगला अंक थोडी मदत केली की अव्वल होतो. गंजलेल्या पिना अलगद काढायच्या आणि त्याच भोकांतून नव्या घालायच्या. पेन्सिलीचं नाव खोडरबराने पुसायचं, वर पावाचा मऊ गर फिरवायचा, की खूणसुद्धा राहत नाही. विसविशीत कड बाइंडरच्या सुरीने केसभर कापायची. मेजरसाहेबांच्या भिंगाखालून माझे असे साठेक अंक पास झाले होते. मी याला कारागिरी म्हणायचो. कुसुम याला पावाची नासाडी म्हणायची.

तर दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. उन्हाळा लागला होता. मंगळवारी सकाळी दुकान उघडतोय तोच पुणतांब्याचे रंगनाथ अण्णा पायरीवर उभे. अण्णा म्हणजे गोदावरीकाठचे बागाईतदार, उंच, कमी बोलणारे. आदल्या आषाढात त्यांनी एक पत्र्याची पेटी माझ्याकडे आणून विकली होती. आत तेवीस कॉमिकं, सगळी एकाच मालिकेची, एक ते तेवीस, मधला एकही अंक गहाळ नाही. समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या एका पाणबुड्याची ती मालिका. असा सलग संच माझ्या हाताला पुन्हा कधी लागला नाही. आणि मी तो तिथल्या तिथे तीन ढिगांत फोडला होता.

अण्णा आत आले, बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मालक, ती पेटी म्हागारी पायजे."

"कुठली पेटी?"

"पत्र्याची. चित्रांची. माझ्या भावाची हाय ती, दत्तूची." अण्णांनी खिशातून पत्र काढलं. "बोटीवर असतो. चौदा वर्सं झाली जाऊन. पुढल्या बुधवारी येतोय. ह्ये बगा, त्यानं लिवलंय, माझी पेटी जपून ठिवली असशील."

मी पत्र वाचलं. पाचच ओळी होत्या आणि त्यातल्या दोन पेटीविषयी होत्या.

"साफसफाईत पोरांनी काढली," अण्णा म्हणाले. "चुकून झालं."

पेटी अण्णांनी स्वतःच्या खांद्यावरून आणली होती, हे मला आठवत होतं. 

"तुमच्याकडं हायत न्हवं समदी?"

या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस मी असतो तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. अण्णांच्या कपाळावर घाम होता आणि टोपी त्यांनी मुठीत चुरगाळली होती. मी म्हणालो, "आहेत."

"मग बुधवारी सकाळी तुमीच घिऊन या मळ्यावर. त्यो दुपारच्या आत येतोय. तुमी असला म्हंजी काय कमी-जास्त झालं तर बोलाय बरं." ते उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "पेटी दिसली न्हाई तर त्यो ऱ्हायचा न्हाई. माझा भाऊ हाय, मला ठावं हाय. पाय लावून म्हागारी जाईल."

ते गेल्यावर कुसुम पडद्याआडून बाहेर आली. "आहेत म्हणालात?"

"आहेत की."

"कुठे आहेत?"

"नगर जिल्ह्यात आहेत."

आठ दिवस होते. नऊ अंक मेजरसाहेबांच्या ट्रंकेत, आठ वाचनालयात, सहा दाभणाने शिवलेले. त्या रात्री जेवताना मी पोळीचा घास आमटीऐवजी पाण्यात बुडवला, असं कुसुम सांगते. मला आठवत नाही.

डागी माल आधी हाताशी घेतला, कारण तो घरातच होता. शिवण उसवली, खळ ओल्या फडक्याने सैल केली, पुठ्ठा सोडवला. सहा अंक सुटे झाले, पण दोन अंकांची कव्हरं नव्हती. बांधणीच्या वेळी फाटकी म्हणून मी ती काढून टाकली होती. दोन दिवस दुकान पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी कुसुमने स्वयंपाकघरातलं फडताळ उघडलं, मसाल्याचे डबे उचलले, आणि त्यांच्याखाली अंथरलेले दोन्ही कागद काढून माझ्यापुढे धरले. एकावर पाणबुड्याच्या छातीवर हिंगाच्या डब्याचं वर्तुळ उमटलं होतं. मी तिच्या पाया पडायचा बाकी राहिलो.

वाचनालयातले सात अंक फळीवर मिळाले. आठवा, म्हणजे पंधरा नंबर, घोलप कंडक्टरकडे होता. हा माणूस श्रीरामपूर-संगमनेर गाडीवर असायचा आणि माझी पुस्तकं तिकिटांच्या पेटीत घालून फिरवायचा. शुक्रवारी मी स्टँडवर दोन तास थांबलो, तेव्हा गाडी आली.

"घोलप, तो पाणबुड्याचा अंक द्या. निकड आहे."

"द्यायचाय की. चार पानं ऱ्हायलीत."

"नंतर परत देतो मी तुम्हाला."

"नंतर म्हंजे कवा? त्याच्या अंगावर त्यो आठ पायांचा आलाय." त्याने घंटीची दोरी ओढली. "कोल्हारपर्यंत चला. वाचून देतो. तिकीट घ्यावं लागंल."

मी तिकीट काढलं. बेलापूर गेलं, उसाच्या गाड्या गेल्या. घोलप थांबा आला की पुस्तक पेटीत टाकायचा, माणसं चढवायचा, तिकिटं फाडायचा, आणि गाडी सुटली की दांड्याला टेकून पुन्हा उघडायचा. इंग्रजी त्याला माझ्याइतपतच येत होतं, म्हणजे नाही. पण चित्र बघत तो शेजारच्या बाईला सांगत होता, "मावशी, ह्यो वरचा माणूस बघा. पंप मारतोय. ह्यानं हात थांबवला की खालच्याचा जीव गेला." मावशी मान वाकडी करून बघत होती. "भाऊ हाय का त्याचा?" तिने विचारलं. घोलपने माझ्याकडे बघितलं, "व्हय का हो, भाऊ हाय?" मी खिडकीबाहेर बघितलं. अंकाचा मधला ताव किंचित सैल आहे, एवढंच मला माहीत होतं.

कोल्हार आलं तेव्हा एक पान उरलं होतं. घोलपने ते गाडी उभी करून वाचलं. मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता. मग अंक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "जगला."

प्रवरेच्या पुलाजवळ मी तसाच नगरच्या गाडीची वाट बघत थांबलो.  आता मेजरसाहेब उरले होते. त्यांच्या ट्रंकेत गेलेला अंक बाहेर येत नाही हे मला माहीत होतं. कुणी मागितले, कुणाच्या भावाचे आहेत, कुणाचं घर मोडतंय, यातलं काही त्यांच्या कानाला ऐकू येत नसे. त्यांना एकच गोष्ट ऐकू यायची. प्रत चुकली तर माल परत.

भिंगारला पोचलो तेव्हा ते जाळीच्या दाराआड खुर्चीत बसून पाकिटांवर नंबर घालत होते.

"आज वार कुठला? तुझा दिवस नाही."

"साहेब, पाणबुड्याचे नऊ अंक परत न्यायला आलोय."

"ते माझे आहेत."

"अव्वल नाहीत ते, साहेब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मोजे चढवले, तिसरी ट्रंक उघडली, नऊ पाकिटं टेबलावर मांडली आणि भिंग काढलं. "मी स्वतः बघितलेत."

"पिना बघा. गंजाचा डाग कागदावर आहे आणि पिना नव्या आहेत. मी बदलल्यात. कव्हरचा वरचा उजवा कोपरा उजेडात तिरका धरा. तिथं पेन्सिलीचं नाव होतं. मी पुसलंय. कडा कापल्यात. चालू माल होता, मी अव्वल करून दिला."

त्यांनी पहिला अंक तिरका धरला. दुसरा धरला. असे नऊही धरले. मी उभा होतो आणि माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं. शेवटी त्यांनी भिंग डबीत घातलं.

"हे नऊच?"

इथेही खोटं बोलता आलं असतं. "नाही साहेब."

"किती?"

"साठेक असतील."

म्हातारा चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त सात ट्रंकांकडे एकेक करून बघितलं, आणि म्हणाले, "म्हणजे मला आता सगळे पुन्हा तपासायला हवेत. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत, माहीत आहे तुला." मग त्यांनी नऊ अंक माझ्या अंगावर नव्हे, टेबलाच्या कडेला सरकवले. पाकिटं ठेवून घेतली. "अंक उघडेच ने. पाकिटं चांगल्या मालासाठी असतात."

मी ते नऊ अंक सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून श्रीरामपूरला आणले. संच पुरा झाला होता. हायसं वाटायला हवं होतं. कुसुमने विचारलं, "दिले?" मी म्हणालो, "दिले."  तिने चहा दोनदा दिला.

बुधवारी सकाळच्या पॅसेंजरने पुणतांब्याला गेलो. पेटी अण्णांनी मला विकताना दिली होती तीच, पुसून घेतलेली. आत अंक रचताना हाताने सवयीचं काम केलं. मोसंबीच्या पेटीत चांगला माल वर ठेवतात. मी अव्वल नऊ वर ठेवले, त्यांच्याखाली शिक्क्याचे आठ, तळाला डागी. नंबराप्रमाणे लावावेत, हे मला सुचलं नाही. त्यांना नंबर असतो तो गोष्टीसाठी, आणि गोष्टीशी माझा संबंध नव्हता.

मळ्यातल्या ओसरीवर घोंगडी टाकली होती. अण्णा सारखे उठून बांधापर्यंत जायचे आणि परत यायचे. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, तिसऱ्यांदा विचारलं, "भाकरी टाकू का थांबू?" अण्णा म्हणाले, "थांब." मग म्हणाले, "टाक." मग पुन्हा, "थांब."

दत्तू मनमाडकडच्या गाडीने आला. छत्तीस-सदतिशीचा, अण्णांसारखाच उंच, पण चालताना पाय फाकवून टाकणारा. अण्णांच्या पाया पडला. दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले. वहिनीच म्हणाल्या, "भावजी, वाळलात."

तो पाणी प्यायला, आणि त्याचा डोळा पेटीवर गेला. "ठिवलीस?" तो अण्णांना म्हणाला, आणि त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं.

घोंगडीवर मांडी घालून त्याने झाकण उघडलं. वरचा अंक उचलला. मग दुसरा. तिसरा. कव्हरावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. चौथा उचलला नाही.

"ही माझी न्हाईत."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"लई कोरी हायत. माझ्यावर माझं नाव हुतं, समद्यांवर. पिना गंजल्याल्या हुत्या, बोटाला तांबडं लागायचं. अण्णा, तू दुसरी आनून ठिवलीस का?" त्याने हळूच झाकण लावलं. "माझी कुटं गेली?"

मी घसा खाकरला. "दत्तोबा, तुमचीच आहेत. त्यात माझा हात—"

अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जड हात होता.

"मी इकली," ते म्हणाले.

"काय?"

"पेटी. गेल्या आखाडात. पोरांनी काढली म्हनून ह्यास्नी सांगितलं, ते खोटं. माझ्या खांद्यावरनं नेली." अण्णा जमिनीकडे बघत बोलत होते. "सहा वर्सं तुझं पत्र न्हाई. आई गेली तवा तार केली, ती म्हागारी आली. आत्याकडं शिकाय ठिवला, तिथं कारखान्याच्या गोऱ्या सायबाच्या पोरानं ही चित्रं दिली, आन् तुझं हिकडं लक्षच ऱ्हायलं न्हाई. म्या म्हनलं, ज्या चित्रांनी माझा भाऊ नेला ती तरी घरात कशाला."

 चुलीवर काहीतरी करपल्याचा वास आला तरी वहिनी उठल्या नाहीत.

"मी आलोच नसतो तर?" दत्तूने विचारलं.

"तर इकली त्येच बरं, आसं वाटलं असतं."

 दत्तूच्या पिशवीकडे माझी नजर जात होती. ती अजून दाराशीच होती. मग त्याने पुन्हा झाकण उघडलं आणि हात थेट खाली घातला. खालचा एक अंक बाहेर काढला, माझं खाकी कव्हर सोलून टाकलं. कोपऱ्यात पेन्सिलीने, कच्च्या अक्षरात, त्याचं नाव होतं. ते त्याने बघितलं, आणि मग पहिल्या पानावरचा जांभळा शिक्का.

"ह्ये काय?"

"माझ्या वाचनालयाचा शिक्का."

"म्हंजी लोकांनी वाचली?"

"चाळीसेक जणांनी तरी. एक कंडक्टर तर सोडायलाच तयार नव्हता." मी घोलपची, मावशीची आणि मागच्या ट्रकवाल्याची हकिकत सांगितली. दत्तू ऐकत होता.

"आठ पायाचा त्यो? पंदरावा." त्याचा चेहरा जरा सैल झाला. "तुमाला कुटला आवडला?"

"मी वाचलेला नाही."

"एक बी?"

"एकही नाही."

"तेवीसच्या तेवीस हातांखालनं गेली, आन् एक न्हाई?" तो अण्णांकडे वळला. "आन् तू?"

"म्या कशाला बघतोय," अण्णा म्हणाले. "माझी दुश्मनी हुती."

"मग बसा दोगं," दत्तू म्हणाला. "वैनी, भाकरी टाका."

त्याने सगळे अंक बाहेर काढले, माझी प्रतवारी मोडून एक ते तेवीस ओळीने लावले आणि चित्रांवर बोट ठेवत सांगत गेला. पाणबुडा आणि वर पंप मारणारा माणूस, ते भाऊच होते. जेवण झालं, ऊन उतरलं, तरी तो सांगत होता. अण्णा आधी भिंतीला टेकून होते, मग पुढे सरकले, मग चष्मा मागवला. मध्येच त्यांनी विचारलं, "तू बी असंच पान्यात उतरतोस?"

"न्हाई रे. मी तळाला, इंजिनात. समुद्र दिसत न्हाई. नुसता ऐकू येतो."

तेविसाव्या अंकाचं शेवटचं चित्र मला अजून दिसतं. बुडालेल्या जहाजाचं एक लाकूड पडलंय, त्याखाली पाणबुड्याची हवेची नळी अडकलीय, आणि वर होडीत भाऊ पंप मारतोय. त्याला खालचं काही दिसत नाही.

"म्होरं?" अण्णा म्हणाले.

"म्होरला मला मिळाला न्हाई. त्या सायबाची माणसं गेली इलायतेला."

दत्तू बारा दिवस राहिला आणि बोटीवर गेला. पेटी त्याने नेली नाही, अण्णांकडे ठेवली.

महिनाभराने बाजाराच्या दिवशी अण्णा दुकानात आले. बाकावर बसले. मोसंबीला काय भाव, कालव्याला पाणी कधी, असं बरंच बोलून झालं. मग म्हणाले, "मालक, चोविसावा घावंल का?"

"दत्तूला पाठवायचाय?"

"न्हाई. मला." त्यांनी टोपी सारखी केली. "पुस्तक न्हाई घावलं तरी चालंल. त्यो वर आला का न्हाई, तेवढं बघून सांगा."

असं विचारायला माझ्या ओळखीत एकच माणूस होता. मी मेजरसाहेबांना जोडकार्ड टाकलं. आठवड्याने उत्तर आलं, दोन ओळींचं. "चोविसावा अंक निघाला, का मालिका तेविसावरच बंद पडली, यावर जाणकारांचं एकमत नाही, माझ्या पाहण्यात तो कधीच आलेला नाही." खाली लिहिलं होतं, फेरतपासणी चालू आहे, दुसऱ्या ट्रंकेपर्यंत आलो आहे.

ते कार्ड मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. पाचव्या दिवशी अण्णांना कार्ड लिहायला बसलो. लिहिलं, "अंक मिळाला नाही, पण नगरच्या जाणकारांकडून समजलं. नळी सुटली. तो वर आला." कुसुमने ते टपालात टाकायला नेताना वाचलं. तिने मेजरसाहेबांचं कार्डही वाचलेलं होतं. मला वाटलं, आता ही काहीतरी म्हणणार. तिने पदर खोचला, पिशवी घेतली, आणि जाता जाता कार्ड पेटीत टाकून आली.

पुढच्या बाजाराला अण्णा आले. चहा घेतला. उसाविषयी बोलले. निघताना पायरीवर थांबले.

"कार्ड पोचलं. मंडळीला बी वाचून दावलं."

"बरं झालं."

"किती येळ लागला त्याला वर याया?"

मी हातातला अंक खाली ठेवला. "बराच लागला, अण्णा," मी म्हणालो. "पण वरच्याने पंप सोडला नाही."

अण्णांनी मान हलवली, टोपी घातली, आणि स्टँडकडे निघाले.